नव्या दगडावर साल कोरा

फ्रान्समधल्या शामोनीहून निघालेली गाडी माँ ब्लाँच्या पोटातल्या ११.६ किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरते आणि इटलीत बाहेर पडते ती थेट आओस्ताच्या खोऱ्यात. १९६५ साली हा बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यात बर्फाने बंद पडणाऱ्या घाटांवर अवलंबून असलेला हा मुलूख बारमाही हमरस्त्यावर आला. शामोनीची शिखरे पाहून इटलीकडे वळणारी मराठी कुटुंबेही याच वाटेने मिलान गाठतात, बहुतेक वेळा मध्ये न थांबता. खिडकीतून मात्र किल्ले दिसत राहतात. डोरा बाल्तेआ नदीच्या दोन्ही काठांवर, खडकाच्या टोकावर, द्राक्षमळ्यांच्या कडेला, कधी सपाट कुरणातसुद्धा. या चिंचोळ्या खोऱ्यात किल्ले, बुरूज आणि गढ्या मिळून शंभरच्या आसपास वास्तू आहेत.

त्यांतल्या मोजक्या किल्ल्यांत आज तिकीट काढून आत जाता येते. आत गेलेल्या माणसाला वाटते की आपण पंधराव्या शतकात उभे आहोत. तटाच्या पाकळ्या शाबूत, लाकडी सज्जे नीट, भिंतींवरची चित्रे उजळ, मुदपाकखान्यात भांडी. पण हे सगळे पंधराव्या शतकाने आपल्या हाती जसेच्या तसे दिलेले नाही. एकोणिसाव्या शतकातल्या एका चित्रकाराने, एका पोर्तुगीज वंशाच्या वास्तुकाराने आणि पुढे मुसोलिनीच्या राजवटीतल्या एका मंत्र्याने ते आपापल्या समजुतीप्रमाणे पुन्हा उभे केले. ही गोष्ट पाहणाऱ्याला तिथेच, भिंतीजवळच कळली पाहिजे. किल्ला दुरुस्त करण्याला विरोध करण्याचे कारण नाही, पण कुठले काम कोणाचे आणि केव्हाचे हे न सांगता केलेली दुरुस्ती पुढच्या पिढ्यांची फसवणूक करते. आओस्ताच्या खोऱ्यात याची उत्तम आणि चिंताजनक अशी दोन्ही उदाहरणे काही मैलांच्या अंतरात पाहायला मिळतात, म्हणून हे खोरे आपल्यासाठी महत्त्वाचे.

रोमन लोकांनी इ. स. पूर्व २५ मध्ये आओस्ता शहर वसवले ते आल्प्स ओलांडणाऱ्या दोन घाटवाटांवर नजर ठेवण्यासाठी. मध्ययुगात याच वाटांनी व्यापारी, सैन्ये आणि रोमला निघालेले यात्रेकरू जात. वाट म्हटली की जकात आली आणि जकात आली की गढी आली. साव्हॉय घराण्याच्या छत्राखाली इथे जे सरदार मोठे झाले त्यांत शालाँ घराणे सर्वांत बलाढ्य. फेनिस, वेरेस, इसोन्य, एमाविल, युस्सेल या सगळ्या किल्ल्यांवर कधी ना कधी त्यांचे निशाण होते. खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या बार्दच्या खिंडीत तर १८०० सालच्या मे महिन्यात सुमारे चारशे ऑस्ट्रियन शिपायांनी नेपोलियनच्या चाळीस हजारांच्या फौजेला जवळपास दोन आठवडे अडवून धरले. संतापलेल्या नेपोलियनने तो किल्ला जमीनदोस्त करवला. आज तिथे दिसतो तो १८३० ते १८३८ या काळात बांधलेला दुसराच किल्ला, आणि तिथले फलक तसे स्पष्ट सांगतातही. त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार नाही.

इसोन्यचा किल्ला बाहेरून पाहिला तर किल्ला वाटतच नाही. गावाच्या मधोमध, घरांना लागून उभा असलेला, उंच तट नसलेला हा वाडा. नदीपलीकडे खडकावर वेरेसचा किल्ला दिसतो, प्रत्येक बाजू तीस मीटरची असा दगडी ठोकळा, निखळ लढाऊ. इसोन्यला लढायचे नव्हतेच. संत ओर्सो मठाचा प्रमुख असलेल्या जॉर्ज द शालाँने साधारण १४९० ते १५१० या वीस वर्षांत हा वाडा आजच्या रूपात आणला, तो आपल्या चुलतभावाची विधवा मार्गरित आणि तिचा मुलगा फिलिबेर यांच्यासाठी. धर्मगुरू असलेल्या या माणसाची हौस वाड्याच्या चौकात पाऊल टाकताच कळते.

चौकात अष्टकोनी दगडी हौद आहे आणि हौदातून घडीव लोखंडाचे डाळिंबाचे झाड उगवले आहे. फळे डाळिंबाची, पाने मात्र ओकची. फांद्यांत लोहाराने इवलाले ड्रॅगन दडवले आहेत, ते शोधायला दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात. डाळिंब म्हणजे भरभराट, ओक म्हणजे घराण्याचे जुनेपण, असा त्याचा अर्थ लावतात. चौकाच्या भिंतींवर शालाँ घराण्याची आणि सोयरिकींची राजचिन्हे ओळीने रंगवलेली आहेत, घरातल्या मुलांनी त्यांत आपले कूळ पाहावे म्हणून.

पण इसोन्यचे खरे वैभव राजचिन्हांत नाही, पडवीत आहे. कमानींखालच्या अर्धगोलांत रोजच्या बाजाराची चित्रे आहेत. एकीकडे औषधांचे दुकान, फळीवर चिनीमातीच्या बरण्या, पुढे खलबत्ता. एकीकडे शिंपी, टेबलावर कापड पसरून कात्री चालवणारा. खाटीक आणि पाववाला एकाच चौकटीत. भाजीबाजारात टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. पहाऱ्याच्या खोलीत शिपाई शस्त्रे भिंतीला टांगून पट खेळत बसलेले. एका दुकानात चीजच्या गोल चकत्या रचलेल्या आहेत. खोऱ्यातले लोक अभिमानाने सांगतात की हे त्यांच्या फोंटिना चीजचे सर्वांत जुने चित्र. राजे-रजवाड्यांची चित्रे युरोपभर आहेत, पण इ. स. १५०० च्या आसपास एखाद्या लहान गावातल्या दुकानात फळीवर काय होते आणि गिऱ्हाईक कसे उभे राहत होते हे इतक्या जिव्हाळ्याने सांगणाऱ्या भिंती फार थोड्या आहेत. ज्याने ही चित्रे काढली त्याचे नाव कोलिन असावे असे मानतात, तेही भिंतीवर कोरलेल्या एका नोंदीवरून.

या नोंदी म्हणजे इसोन्यचा दुसरा खजिना. वाड्यात राहणारे, नोकरी करणारे, पाहुणे म्हणून आलेले, रस्त्याने जाता जाता थांबलेले असे असंख्य लोक इथल्या गिलाव्यावर टोकदार वस्तूने काही ना काही लिहून गेले. फ्रेंच, लॅटिन, इटालियन अशा भाषांत शेकडो ओळी आहेत. कोणी पैशांच्या चंचलपणाबद्दल लिहिले, कोणी प्रेमाबद्दल, कोणी नुसते नाव आणि तारीख. १५६५ मध्ये रने द शालाँ वारला तेव्हा कोणीतरी त्याचे दुःख भिंतीवर नोंदवले. घराण्याच्या दप्तरात या माणसांचा उल्लेख नाही. भिंत मात्र त्यांची साक्ष देते.

आता कल्पना करावी की १८७२ मध्ये हा वाडा एखाद्या नेटक्या, स्वच्छतेच्या भोक्त्या माणसाच्या हाती गेला असता. शालाँ घराण्यातला शेवटचा पुरुष १८०२ मध्ये वारला होता, वाडा ओस पडला होता, सामान देशोधडीला लागले होते. नवा धनी आला असता, भिंती खरवडून नवा गिलावा दिला असता, दुकानांची ‘हलकी’ चित्रे पुसून त्या जागी नवी राजचिन्हे रंगवून घेतली असती. त्या काळच्या युरोपात असे सर्रास होत होते. सुदैवाने वाडा लिलावात घेतला तो वित्तोरिओ आवोंदो या तुरिनच्या निसर्गचित्रकाराने. त्याने भिंतींना जेमतेम हात लावला. पडझड थांबवली, छप्पर नीट केले आणि आपली मेहनत व पैसा लावला तो सामान शोधण्यात. जुन्या बाजारांत विखुरलेल्या वाड्यातल्या मूळ वस्तू जमतील तितक्या परत आणल्या. जे मिळाले नाही त्याच्या जागी खोऱ्यातल्या त्याच काळच्या नमुन्यांवरून नवे सामान घडवून घेतले. १९०७ मध्ये त्याने हा सारा वाडा सरकारला देऊन टाकला. आज तो आओस्ता प्रांताच्या मालकीचा आहे.

आवोंदोचे मोठेपण त्याच्या संयमात आहे. तो चित्रकार होता, त्याला रंग चढवता येत नव्हता असे नाही. तरी त्याने जुन्या चित्रकाराच्या कामावर आपला हात फिरवला नाही. इतिहासाची वास्तू हाती आलेल्या माणसाला हे सर्वांत अवघड जाते.

एक शंका इथे कोणी घेईल. भिंतीवर नावे कोरणाऱ्यांचे कौतुक करायचे, तर आज गडांच्या दगडांवर बाण आणि बदाम कोरणाऱ्यांना दोष का द्यायचा? कारण उघड आहे. इसोन्य तेव्हा राहते घर होते आणि लिहिणारे त्या घराच्या जगण्यात सामील होते. आज ती सामाईक ठेव आहे. तिच्यावर ओरखडा काढणारा माणूस तिथे राहत नाही, इतरांच्या वाट्याचे पुसून जातो. त्याला दंड व्हायलाच हवा.

आवोंदो एकटा नव्हता. तुरिनमध्ये त्याच्याभोवती जो कंपू होता त्यात नाटककार ज्युझेप्पे जाकोसा होता, ज्याने पुढे पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ आणि ‘तोस्का’ या ऑपेरांची संहिता सहलेखक म्हणून लिहिली, आणि लिस्बनमध्ये १८३९ साली जन्मलेला, इटलीलाच आपला देश मानलेला आल्फ्रेदो दांद्रादे होता. १८८४ मध्ये तुरिनला राष्ट्रीय प्रदर्शन भरायचे ठरले तेव्हा या मंडळींनी एक विलक्षण गोष्ट केली. पो नदीच्या काठी त्यांनी पंधराव्या शतकातले एक अख्खे गाव बांधले. वेशीचा दरवाजा, दुकाने, खाणावळ, देऊळ आणि टेकाडावर गढी. त्यातली एकही वास्तू मनाने रचलेली नव्हती. प्रत्येक घराचा, प्रत्येक कमानीचा नमुना पिएमोंते किंवा आओस्ताच्या खोऱ्यात प्रत्यक्ष उभा होता. गढीचा चौक फेनिसवरून घेतला, डाळिंबाचे कारंजे इसोन्यवरून. यासाठी दांद्रादे आणि त्याचे सहकारी गावोगाव हिंडले, मोजमापे घेतली, आराखडे काढले, नक्षीचे साचे घेतले.

प्रदर्शन संपल्यावर हे गाव पाडायचे होते, पण लोकांना ते इतके आवडले की तुरिनच्या नगरपालिकेने ते विकत घेऊन टिकवले. खरा लाभ मात्र वेगळाच झाला. नक्कल करायची म्हणून मूळ वास्तूंची अशी बारकाईने नोंद झाली जी त्याआधी कोणीच केली नव्हती, आणि नक्कल पाहिलेल्या लोकांना मूळ वास्तूंची दुरवस्था सलू लागली. दांद्रादे पुढे पिएमोंते आणि लिगुरिया भागांतल्या स्मारकांचा सरकारी प्रमुख झाला. हाताशी स्वतः काढलेले आराखडे असलेला असा अधिकारी कोणत्याही देशाला क्वचित लाभतो.

त्याच्या हाती आलेले फेनिस मात्र इसोन्यपेक्षा कितीतरी अवघड दुखणे होते. हा किल्ला सपाटीवर आहे, दुहेरी तटाचा, चौकोनी आणि गोल बुरुजांचा. लढाईपेक्षा दिमाखासाठी बांधलेला. १२४२ मध्ये त्याचा पहिला उल्लेख सापडतो आणि चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या पूर्वार्धापर्यंत तो आजच्या आकाराला आला. आतल्या चौकात अर्धगोल पायऱ्यांचा जिना आहे, वर भिंतीवर घोड्यावरचा संत जॉर्ज ड्रॅगनला भाला मारतो आहे, आणि सज्ज्याच्या भिंतींवर ऋषी आणि प्रेषित हातांत सुभाषितांच्या पट्ट्या घेऊन उभे आहेत. ही चित्रे जाकोमो जाक्वेरिओ या तुरिनच्या चित्रकाराच्या कार्यशाळेतली मानतात. १७१६ मध्ये कर्जबाजारी शालाँ घराण्याने किल्ला विकला आणि मग तो शेतकऱ्यांकडे गेला. तळमजल्यावर गुरे बांधली जाऊ लागली, वरच्या दालनांत गवत भरले गेले. संत जॉर्जच्या समोरून पावणेदोनशे वर्षे गाई-गुरे ये-जा करत होती.

१८९५ मध्ये दांद्रादेच्या पुढाकाराने किल्ला विकत घेतला गेला आणि कोसळू पाहणारे भाग सावरले गेले. तेवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. १९३५ पासून दुसरी मोहीम सुरू झाली, मुसोलिनीचे सहकारी आणि मंत्री दे वेक्की आणि वास्तुकार मेस्तुरिनो यांच्या हातून. आज फेनिस जसा दिसतो, तो बराचसा या दुसऱ्या मोहिमेने घडवला आहे. दालनांत त्या काळाला शोभेल असे लाकडी सामान बाहेरून आणून मांडले गेले. गुरांच्या, गवताच्या, शेतकऱ्यांच्या वहिवाटीची खूण राहू दिली नाही. गर्व वाटावा असे, चकचकीत, एकसंध मध्ययुग त्या राजवटीला हवे होते आणि ते तिने मिळवले.

फेनिस सुंदर आहे, यात वाद नाही. मार्गदर्शकाबरोबर हिंडणारी शाळकरी पोरे तिथे हरखून जातात आणि त्यांचा तो आनंद खोटा म्हणता येणार नाही. पण ज्या माणसांच्या गुरांनी आणि गवताने पावणेदोनशे वर्षे त्या वास्तूत वस्ती केली, छप्पर गळले तरी ते कसेबसे राखले, त्यांना तिथे जागा नाही ही गोष्ट खटकते. शेतकऱ्यांनी किल्ला ‘नासवला’ असेच सांगितले जाते. राबता नसलेली छपरे आल्प्सच्या बर्फाखाली किती वर्षे टिकतात हे त्याच खोऱ्यातल्या उजाड गढ्यांकडे पाहिले की कळते. एखादा गोठा, एखादी गव्हाण तशीच ठेवली असती तर संत जॉर्ज उणा झाला नसता.

जुनी वास्तू दुरुस्त करताना कुठवर जावे या प्रश्नावर युरोपने एकोणिसाव्या शतकात कडाक्याचा वाद घातला आहे. फ्रान्सचा व्हायोले-ल्-द्यूक म्हणे, वास्तू पूर्णत्वाला न्यावी, मग तसे पूर्णत्व तिला पूर्वी कधी लाभले नसले तरी चालेल. इंग्लंडचा जॉन रस्किन दुसऱ्या टोकाला. त्याच्या लेखी असा जीर्णोद्धार म्हणजे शुद्ध असत्य. वास्तूची निगा राखा आणि तिचा काळ आला की तिला सन्मानाने जाऊ द्या. दोघेही आपापल्या जागी तळमळीने बोलत होते, पण गावच्या गवंड्याला उद्या सकाळी काय करायचे हे दोघांकडूनही कळत नव्हते.

ते सांगितले कामिल्लो बोइतो या इटालियन वास्तुकाराने. १८८३ साली रोममध्ये भरलेल्या अभियंते आणि वास्तुकारांच्या परिषदेत त्याने मांडलेले नियम आजही थक्क करतात, कारण ते इतके साधे आहेत. नवे काम जुन्यापासून ओळखू यावे, घडणीने किंवा दगडाने. नव्या भागावर नक्षीचा सोस नको. काढून ठेवलेले जुने तुकडे टाकून न देता जवळच मांडावेत. प्रत्येक नव्या भागावर दुरुस्तीचे साल किंवा खूण कोरावी. काय काय केले याचा लेख वास्तूवर लावावा. कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे आणि वर्णन तिथेच किंवा सार्वजनिक ठिकाणी पाहायला ठेवावे. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने यातला गाभा जगभर मान्य केला आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे असेही बजावले. म्हणजे १९३५ साली फेनिसमध्ये जे झाले ते अज्ञानातून झाले नाही. नियम बावन्न वर्षांपूर्वी त्याच देशात लिहिले गेले होते.

खोऱ्याने त्यातून धडा घेतलेला दिसतो. एमाविलचा किल्ला वर्षानुवर्षांच्या कामानंतर २०२२ मध्ये लोकांसाठी उघडला. चार कोपऱ्यांना मध्ययुगीन गोल बुरूज आणि त्यांच्यामध्ये अठराव्या शतकातले बरोक शैलीचे सज्जे अशी त्याची अजब घडण आहे. शुद्ध मध्ययुग हवे असते तर ते सज्जे पाडावे लागले असते. ते ठेवले गेले, आणि एवढेच नाही तर किल्ला कसा कसा बदलत गेला हाच तिथल्या प्रदर्शनाचा विषय केला गेला. युस्सेलची गोष्ट आणखी वेगळी. बॉलपेनमुळे घरोघरी पोहोचलेल्या ‘बिक’ कंपनीचा संस्थापक मार्सेल बिक याचे घराणे याच खोऱ्यातले. त्याने पडका युस्सेल विकत घेऊन १९८३ मध्ये प्रांताला दिला आणि दुरुस्तीचा खर्चही उचलला. आज तिथे प्रदर्शने भरतात. या सगळ्यामागे एक व्यावहारिक बळ आहे. आओस्ता हा १९४८ पासून स्वायत्त प्रांत आहे, स्थानिक करांचा मोठा वाटा त्याच्याकडेच राहतो आणि वारशाची देखभाल करणारे स्वतःचे खाते त्याने उभारले आहे. दर वर्षी ३० आणि ३१ जानेवारीला भरणाऱ्या संत ओर्सोच्या जत्रेत खोऱ्यातले शेकडो सुतार, लाकडावर कोरीव काम करणारे आणि दगड घडवणारे आपले काम घेऊन बसतात. ज्या मुलखात असे हात शिल्लक आहेत तिथे पाथरी छपराची फरशी बदलायला बाहेरून माणूस आणावा लागत नाही.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे सारे परके वाटू नये. १८९५ हे फेनिसच्या खरेदीचे साल. त्याच साली लोकमान्य टिळकांनी रायगडावरच्या शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी ‘केसरी’तून निधीची मोहीम चालवली होती. दोन्हीकडे प्रेरणा एकच होती, पडझड पाहून मनाला लागलेली टोचणी. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आता निधी येईल, आराखडे होतील, कंत्राटे निघतील. नेमकी हीच वेळ आहे दे वेक्कीची चूक टाळण्याची.

रायगडाचा विचार करावा. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी गडावरचे वाडे जळाले. दगडी जोती उरली, लाकडी मजले आणि छपरे गेली. राजसदरेवर पुन्हा छप्पर चढवावे, वाडे पुन्हा उभारावेत अशी मागणी अधूनमधून होते आणि ती प्रेमापोटी होते हे उघड आहे. पण ते छप्पर किती उतरते होते, खांबांची घडण कशी होती, तुळया कुठे टेकत होत्या याचे मोजून काढलेले आराखडे आपल्या हाती नाहीत. दांद्रादेकडे होते. त्याच्याकडे आराखडे असूनही त्याच्या मागून आलेल्यांनी हात सैल सोडला आणि किल्ल्याचा चेहरा बदलला. आपण तर अंदाजावरच बांधणार. पाच-पन्नास वर्षांनी शाळेतल्या मुलांना ते शिवकाळातलेच वाटेल आणि महाराजांनी खरोखर पाहिलेले जोते त्याखाली झाकलेले राहील. ज्यांना ते वैभव डोळ्यांसमोर आणायचे आहे त्यांनी तुरिनसारखी प्रतिकृती जरूर उभारावी, पण गडाखाली, मोकळ्या जागेत, आणि तीही संशोधन करून. एवढे केले तरी मोजमापांचे जे काम आजवर राहून गेले ते त्या निमित्ताने होईल.

दुसरी गोष्ट थरांची. शिवनेरीवर सातवाहन काळातली लेणी आहेत, पुढच्या सुलतानी अमलातल्या वास्तू आहेत आणि शिवजन्माचे स्थान आहे. सिंहगडावर टिळकांचा बंगला आहे. तो शिवकालीन नाही म्हणून पाडावा असे कोणी म्हणणार नाही. मग गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या धनगरांच्या वाड्यांना, माचीवरच्या पाटीलकीच्या पडक्या घरांना, गडकऱ्यांच्या वंशजांच्या वस्त्यांना ‘अतिक्रमण’ एवढाच शब्द का लावायचा? त्या घरांची आधी नोंद व्हावी, जोती मोजावीत, तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि मग काय हलवायचे ते ठरवावे.

दुर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या तरुणांच्या तुकड्या गेली कित्येक वर्षे टाक्यांतला गाळ काढतात, तोफांना लाकडी गाडे करतात, वेशींना सागवानी दरवाजे बसवतात. पदरमोड करून, रविवारची सुट्टी घालवून हे होते. या श्रमांना सलामच केला पाहिजे. त्यांना बोइतोचा सर्वांत सोपा नियम आजच पाळता येईल, त्याला पैशांचा अडसर नाही. नव्या दरवाजाच्या चौकटीवर आतल्या बाजूला बसवल्याचे साल आणि सुताराच्या गावाचे नाव कोरावे. सुतारालाही ते आवडेल. जुन्या दरवाजाचा एखादा खिळा, एखादी फळी मिळाली असेल तर ती त्याच वेशीच्या देवडीत काचेमागे ठेवावी. टाक्यातून निघालेली खापरे गाळाबरोबर कड्यावरून फेकू नयेत.

आणि सरकारी कामासाठी नियम याहून कडक हवा. ज्या गडावर कुठलेही बांधकाम सुरू व्हायचे आहे त्याचा आराखडा, आधीची छायाचित्रे, कुठला दगड आणि कुठला चुना वापरणार याची माहिती काम सुरू होण्याच्या सहा महिने आधी गडाच्या पायथ्याच्या गावात लावावी. रायगडासाठी ती पाचाडला लागावी, राजगडासाठी गुंजवण्याला. मराठीत, मोठ्या अक्षरांत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. गावच्या गवंड्याला, शाळामास्तरांना आणि दर आठवड्याला गड चढणाऱ्यांना तिच्यावर हरकत नोंदवता यावी, आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळेपर्यंत पहिला दगड हलवू नये.